आधी उद्दिष्ट, मग साधन

सोलापुरात विजापूर वेशीजवळ आमचे घर आहे. मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. घरी दखनी, वर्गात उर्दू, फळ्यावर मराठी, असे माझे तीन भाषांचे दिवस असतात. घरात अब्बा, अम्मा, धाकटा भाऊ सलीम, त्याची बायको आणि त्यांची दोन मुले. महिन्याला ठरलेला पगार येतो तो माझा एकटीचा. म्हणून वयाच्या छत्तिसाव्या वर्षीही अम्माला माझ्या लग्नाची आणि बाकीच्यांना माझ्या पगाराच्या तारखेची काळजी असते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. अनेक घरांत असेच असते.

अब्बांनी आयुष्यभर जकार्डच्या कार्डांना भोके पाडली. सोलापूरची चादर सर्वांना ठाऊक आहे, पण तिच्यावरचा मोर कसा उतरतो हे फार थोड्यांना माहीत असते. आधी नक्षी आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून काढायची. मग एकेका ओळीसाठी एक जाड कार्ड घ्यायचे. जिथे ताण्याचा धागा वर उचलायचा तिथे भोक पाडायचे, नाही तिथे कोरे ठेवायचे. अशी शेकडो कार्डे दोऱ्याने ओवली की त्यांची माळ मागावर चढते. फ्रान्समधल्या लिआँ शहरात जोसेफ मारी जकार याने १८०४ च्या सुमारास ही युक्ती बसवली. त्या भोकांवरूनच पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजला आपल्या गणनयंत्राला आज्ञा देण्याची कल्पना मिळाली. म्हणजे आज आपण ज्याला कॉम्प्युटर म्हणतो त्याचा एक पूर्वज आमच्या अब्बांच्या हाताखाली चाळीस वर्षे होता. पुढे कारखान्यात इलेक्ट्रॉनिक जकार्ड आले. डिझाइन थेट पडद्यावरून मागावर जाऊ लागले आणि कार्डवाल्याचे काम संपले. अब्बा त्या दिवशी घरी आले ते पंच आणि हातोडी पिशवीत घालून. ती पिशवी अजून माळ्यावर आहे.

सलीम लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसमध्ये होता. २०२० च्या टाळेबंदीत लग्ने थांबली, प्रेस थांबली. नंतर लग्ने सुरू झाली, पण पत्रिका मोबाईलवरून जाऊ लागल्या. मालकाने दोन वर्षे कसेबसे रेटले आणि शटर ओढले. घरात दुसऱ्यांदा एका पुरुषाचे हातचे काम यंत्राने नेले. अब्बा तेव्हा एवढेच म्हणाले, "मशीन से लड़ के क्या फायदा रे, मशीन का मालिक बनना पड़ता."

सलीमने ते वाक्य मनावर घेतले. एके रात्री जेवण झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. "बाजी, एक मशीन देखा मैं. लेझर का. घर में बैठ के लकड़ी काटता. नेमप्लेट, आयतां के फ्रेम, ट्रॉफी, सब होता." मी विचारले, किती पैसे लागतील? त्याने मान खाली घातली. त्याला माहीत होते की २०२३ च्या त्या महिन्यात शाळेतली भिशी माझ्या नावावर निघाली होती. वीस जणींचे तीन तीन हजार, म्हणजे साठ हजार. आणि त्याला हेही माहीत होते की अम्माने त्या पैशाचे एक तोळा सोने घ्यायचे ठरवले होते, माझ्यासाठी. तेव्हा भाव साधारण तेवढाच होता.

अम्मा दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मीच म्हटले, "अम्मा, सोना बाद में लेंगे." ती म्हणाली, "तेरा बाद में कब्बी आता नै." तिचे खरे होते. पण सलीमचा चेहराही माझ्यासमोर होता.

बाजारात आम्ही प्रथम गेलो ते एका कॉम्प्युटरच्या दुकानात. दुकानदाराने 'लेझर' आणि 'डिझाइन' हे दोन शब्द ऐकले आणि आमच्यापुढे यादी ठेवली. महागडा प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, मोठा पडदा आणि हाताने काढायला पेन असलेला टॅबलेट. बेरीज एक लाखाच्या वर गेली. त्यात लेझर यंत्र नव्हतेच! वर तो म्हणाला, "डिझाइनचं सॉफ्टवेअर फुकट भरून देतो, तीनशे रुपये वेगळे."

यादी घेऊन घरी आलो. सलीम हिरमुसला होता. मी टेबलावर पाठ टाचणाची वही उघडून बसले होते आणि एकाएकी मला बी.एड.चे वर्ष आठवले. आमच्या प्राध्यापिका टाचण तपासताना पहिल्यांदा 'शैक्षणिक साधने' हा रकाना झाकून ठेवत. म्हणत, "आधी उद्दिष्ट सांगा. तक्ता किती सुंदर आहे ते नंतर बघू." आम्ही नेमके उलटे करत होतो. काय कापायचे हे न ठरवता कॉम्प्युटर घ्यायला निघालो होतो.

मग मी वहीतच चार रकाने आखले. काय कापायचे, त्याला कोणते यंत्र लागते, त्या यंत्राशी कोणते सॉफ्टवेअर बोलते, आणि ते सॉफ्टवेअर कोणत्या कॉम्प्युटरवर चालते. हाच क्रम. माझ्या वाचकांपैकी कोणाच्या घरी असा विचार चालू असेल तर एवढी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. कॉम्प्युटर सर्वांत शेवटी घ्यायचा.

पहिला रकाना भरणे सोपे होते. तीन मिलिमीटरचे प्लायवूड आणि एमडीएफ, पुठ्ठा, थोडे चामडे. दुसऱ्या रकान्यात घरगुती यंत्रांचे दोन प्रकार आले. एक निळ्या किरणाचे डायोड लेझर, दुसरे काचेच्या नळीचे कार्बन डायऑक्साइड लेझर. नळीच्या यंत्राला थंड ठेवायला पाणी फिरवावे लागते, जागा जास्त लागते, पण ते पारदर्शक ॲक्रिलिक स्वच्छ कापते. डायोडचा निळा किरण पारदर्शक ॲक्रिलिकमधून काचेतून उजेड जावा तसा निघून जातो, कापत नाही. आमचे काम लाकडाचे होते, म्हणून डायोड पुरेसे होते. इथे एक फसगत होता होता राहिली. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले वॉट पुष्कळदा यंत्र किती वीज खाते त्याचे असतात. किरणाची ताकद, म्हणजे ऑप्टिकल वॉट, बारीक अक्षरांत असते. ऐंशी वॉटचे म्हणून विकले जाणारे यंत्र प्रत्यक्षात दहा वॉटच्या किरणाचे असू शकते. आम्ही किरणाचे दहा वॉट असलेले घेतले, छत्तीस हजारांना.

तिसरा रकाना सॉफ्टवेअरचा. यात दोन कामे वेगवेगळी असतात, हे आम्हाला आधी कळलेच नव्हते. एक, आकृती काढणे. दुसरे, ती आकृती यंत्राला समजावून सांगणे. आकृतीसाठी सोलापुरातले बहुतेक पाटीवाले कोरलड्रॉ वापरतात. ते चांगले आहे, पण विकतचे आहे. आणि 'फुकट भरून' घेतलेले म्हणजे चोरीचे. मी वर्गात मुलांना दुसऱ्याच्या वहीतून उतरवू नका म्हणून सांगते. चोरीच्या सॉफ्टवेअरवर आयत कापून भिंतीला लावायची, हे माझ्या मनाला पटेना. सलीम म्हणाला, सगळेच करतात. मी म्हटले, सगळे करतात म्हणून हलाल होत नाही. शोधता शोधता इंकस्केप सापडले. २००३ पासून जगभरचे लोक मिळून ते बनवत आले आहेत, ते मोफत आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. रेषांच्या आकृतीला लेझरसाठी जी एसव्हीजी फाइल लागते, ती त्याची घरचीच भाषा आहे.

यंत्राशी बोलण्याचे सॉफ्टवेअर यंत्राच्या मेंदूवर ठरते. आमच्यासारख्या छोट्या यंत्रात बहुधा जीआरबीएल नावाचा कंट्रोलर असतो. त्याला लेझरजीआरबीएल हे मोफत सॉफ्टवेअर चालते, पण ते फक्त विंडोजवर. लाइटबर्न हे विकतचे, अधिक सोयीचे, मॅकवरही चालणारे. ते काही दिवस फुकट वापरून पाहता येते. आम्ही मोफत असलेल्यापासून सुरुवात केली.

आता माझी स्वतःची चूक सांगते. हे रकाने पुरे भरण्याआधीच मी उत्साहाच्या भरात माझ्या पगारातून बारा हजारांचा अँड्रॉइड टॅबलेट घेऊन आले होते. वाटले होते, बोटाने काढले की यंत्र कापेल. काही छोट्या यंत्रांना मोबाईलचे ॲप असते हे खरे, पण वर सांगितलेली लेझरची दोन्ही सॉफ्टवेअर टॅबलेटवर चालत नाहीत. शिवाय टॅबलेटवर चित्र काढण्याची बरीच ॲप ठिपक्यांचे चित्र देतात, रेषांचे नाही. यंत्राला कापायला रेष लागते. तो टॅबलेट आता माझ्या शाळेत मुलांना कविता ऐकवायला कामी येतो. अम्मा अजून त्याला 'बारा हजार का रेडियो' म्हणते.

चौथ्या रकान्यासाठी साडेएकोणीस हजार उरले होते. लेझरला ताकदवान कॉम्प्युटर लागत नाही, हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. ग्राफिक्स कार्ड तर मुळीच नको. एका ओळखीच्या माणसाने पुण्याहून कंपनीतून निघालेला जुना लॅपटॉप आणून दिला. त्यात आठ जीबी रॅम होती आणि एसएसडी होती. जुन्या लॅपटॉपला नवा प्रोसेसर सहसा देता येत नाही, पण फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की तो तरुण होतो. एक गोष्ट मात्र मी आग्रहाने पाहिली. प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा आहे ना? कारण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर झाले होते आणि विंडोज ११ त्याहून जुन्या पिढीला घेत नाही. सातव्या पिढीचा लॅपटॉप चार हजारांनी स्वस्त मिळत होता. तो घेतला असता तर दोन वर्षांत पुन्हा तोच प्रश्न आला असता.

उरलेल्या साडेचार हजारांत धूर बाहेर काढणारा पंखा, त्याचा पाइप, निळ्या किरणाचा चष्मा आणि आग विझवण्याचा छोटा सिलिंडर आला. दुकानदाराच्या यादीत यातले काहीच नव्हते. घरात मुले आहेत, म्हणून मी नियम केले. चष्म्याशिवाय मागच्या खोलीत कोणी जायचे नाही. यंत्र चालू असताना सलीमने चहालासुद्धा उठायचे नाही. आणि पीव्हीसी कधीही कापायचे नाही. पाटीवाल्यांकडचा पांढरा फोम बोर्ड, रेक्झिन, ही सगळी पीव्हीसीची भावंडे. ती जळली की निघणारा आम्लाचा धूर फुप्फुसालाही खातो आणि यंत्रालाही. शेजारच्या एकाने फोम बोर्ड आणला तेव्हा सलीमने पहिले गिऱ्हाईक परत पाठवले. मला त्याचा अभिमान वाटला.

सुरुवातीच्याच दिवसांत एक गंमत झाली. अर्ध्या तासाचे काम, बाविसाव्या मिनिटाला यंत्र मध्येच थांबले. पाहतो तर लॅपटॉप झोपी गेलेला! जीआरबीएलच्या यंत्राला कॉम्प्युटर यूएसबीच्या तारेतून एकेक ओळ पाठवत राहतो. तो झोपला की यंत्राला पुढची ओळ मिळत नाही. मोठ्या यंत्रांतले काही कंट्रोलर अख्खी फाइल पोटात साठवून घेतात, हे तसे करत नाही. अब्बा दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "मतलब कार्ड का माला टूट गया." आम्ही दोघे त्यांच्याकडे बघतच राहिलो. एक ओळ म्हणजे एक कार्ड. पुढचे कार्ड आले नाही की माग थांबतो. आम्हाला आठवडाभर जे समजत नव्हते ते त्यांना एका वाक्यात कळले होते. त्या दिवसापासून अब्बा चष्मा लावून मागच्या खोलीत बसू लागले.

खरी परीक्षा पहिल्या मोठ्या कामाची होती. एका गृहस्थांना नव्या घरासाठी 'आशियाना' हे नाव हवे होते, दाराच्या एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला उर्दूत. माझ्या दोन्ही भाषा! मी स्वतः अक्षरे निवडायला बसले. आधी मराठी कापले. जाळीवरून उचलले तर एकेक अक्षर सुटे. मला वाटले होते शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवील. पण कॉम्प्युटरच्या लेखी प्रत्येक अक्षर वेगळे असते. त्यांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात, जोडलेल्या नसतात आणि किरण त्या चढलेल्या कडांवरूनही इमानाने फिरतो. इंकस्केपमध्ये अक्षरांचे पाथ करून 'युनियन' ही आज्ञा दिली तेव्हा सगळी अक्षरे एका रेषेखाली आली. पुन्हा कापले, अखंड निघाले. वर्षानुवर्षे फळ्यावर शिरोरेषा ओढताना मी मुलांना ती 'अक्षरांचे छप्पर' म्हणून सांगत आले. ती नुसते छप्पर नाही. 'श', 'ग', 'ण' यांचे तर दोन तुकडे असतात, ते केवळ तिच्यामुळे एक अक्षर म्हणून उभे राहतात.

उर्दूची गोष्ट वेगळी. उर्दूचा नस्तालीक हा कॉम्प्युटरला जड गेलेला खत आहे, कारण त्यात अक्षरे सरळ ओळीत बसत नाहीत, तिरकी उतरत येतात. कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांनी १९८१ मध्ये हजारो जोडशब्दांचे आकार तयार करून नूरी नस्तालीक आणला, तोवर उर्दू वर्तमानपत्रे कातिबांच्या हातानेच लिहिली जात. पुढे १९९४ मध्ये इनपेज आले आणि आपल्याकडच्या उर्दू छपाईचा चेहरा बदलला. आता गूगलचा नोटो नस्तालीक उर्दू हा युनिकोडचा फाँट मोफत मिळतो आणि इंकस्केपमध्ये नीट जुळतो. म्हणजे लिहिण्याची अडचण सुटली. कापण्याची उरली.

'आशियाना' उर्दूत लिहिले की त्याचे तीन तुकडे होतात, कारण अलिफ आपल्या पुढच्या अक्षराचा हात धरत नाही. शीनवर तीन नुक्ते, येखाली दोन, नूनवर एक, शिवाय पहिल्या अलिफवरची मद. यंत्र थांबले. सलीमने पट्टी उचलली आणि सहा नुक्ते जाळीतून खाली राखेत पडले. हातात जे उरले ते कोणालाच वाचता आले नसते. नुक्ते नसले की शीनचा सीन होतो. मुलांना मी हे हसत हसत सांगते. त्या दिवशी हसू आले नाही. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी यायचे होते आणि घरात प्लायवूडचे दोनच तुकडे उरले होते.

सलीम वैतागला. म्हणाला, "उर्दू का काम नै लेंगे बाजी. मराठी-इंग्लिश बस." त्याचे बोलणे व्यवहाराचे होते. मला मात्र ते लागले. वर्गातले पालक मला हेच म्हणतात. उर्दू ठेवून काय करायचे?

अब्बांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली. म्हणाले, नक्षीत धागा फार लांब मोकळा सुटला की तो लोंबतो, अडकतो, तुटतो. मग मध्ये कुठेतरी त्याला बांधावे लागते, पण असे की बघणाऱ्याला गाठ दिसू नये. त्यांनी हाताने लिहितात तसे शीनचे तीन नुक्ते एका छोट्या टोपीसारखे जोडले, येचे दोन एका आडव्या रेषेने. सहाचे तीन झाले. मग म्हणाले, याच्या मागे एक पाटी घ्या. पाटीवर लेझर अगदी हलकी चालवून अख्ख्या शब्दाची नुसती रेघ उमटवा, कापू नका. आणि तुकडे त्या रेघेवर चिकटवा. म्हणजे नुक्ता कुठे बसवायचा हे डोळ्याला विचारावे लागणार नाही. रात्री साडेअकराला पाटी तयार झाली. गृहस्थ दुसऱ्या दिवशी आले, बोटाने नुक्त्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "कातिब के हात का लगता." अब्बा काही बोलले नाहीत. संध्याकाळी माळ्यावरची पिशवी खाली आली. पंच आणि हातोडी त्यांनी पुसून मागच्या खोलीच्या खिळ्याला अडकवली.

आता अब्बा कागदावर बोरूने लिहितात, सलीम मोबाईलने त्याचा फोटो घेतो, इंकस्केप त्या फोटोतून रेषा काढते. ज्या टॅबलेटसाठी दुकानदार चाळीस हजार मागत होता, त्याचे काम दहा रुपयांचा बोरू करतो.

याचा अर्थ आमचे दिवस पालटले असे नाही. लग्नसराईत आणि बक्षीस समारंभांच्या दिवसांत काम असते. पावसाळ्यात प्लायवूड ओल धरते, वाकते आणि सलीम रिकामा बसतो. कधी महिन्याला दहा हजार सुटतात, कधी चार. २०२५ मध्ये सोने तोळ्याला एक लाखाच्या वर गेले तेव्हा अम्माने वर्तमानपत्र माझ्यापुढे ठेवले आणि काही न बोलता आत गेली. तिचा हिशेब चुकीचा नव्हता. माझे साठ हजार सोन्यात असते तर आरामात वाढले असते. मागच्या खोलीत ते धूर खात हळूहळू वाढत आहेत, आणि वाढतीलच याची मी खात्री देत नाही.

परवा शाळेत नववीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "टीचर, लेझर के वास्ते कौन सा कंप्यूटर लेना?" त्याच्या वडिलांचे सुतारकामाचे दुकान आहे. मी खडू घेतला आणि फळ्यावर चार रकाने आखले. त्याला म्हटले, पहिला रकाना तू भर. काय कापणार आहेस ते आधी लिही.

तो बराच वेळ विचार करत उभा राहिला. मग त्याने उर्दूत आपल्या वडिलांचे नाव लिहिले, आणि नुक्ते द्यायला विसरला. मी त्याच्या हातात पुन्हा खडू दिला.